संगमरवर, आराखड्याविना: एका शिल्पाच्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

दगड आला. पांढरा संगमरवर, राखाडी शिरा, मध्यम दाणा. माप साधारण ४० × २६ × २४ सेंमी, एक कोपरा मुळातच तुटलेला. काट्यावर ६० किलो भरला. संगमरवराची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम, पूर्ण चौकोनी असता तर ६७ किलो झाला असता. म्हणजे सात किलोचा तुकडा आपला हात लागायच्या आधीच गेलेला आहे. बाकीच्या बाजू करवतीने कापलेल्या, सपाट आणि मुक्या. तुटलेला कोपरा मात्र बोलतो. तिथे दगड स्वतःच्या मर्जीने फुटलाय, त्यामुळे आतले थर कुठून कुठे जातात ते तिथेच वाचता येतं.

आधी पाण्याची तपासणी. दगड पूर्ण भिजवला आणि सुकू दिला. पृष्ठभाग लवकर सुकतो, भेगेत शिरलेलं पाणी मागे राहतं आणि भेग काळपट रेघ होऊन वर येते. अशा दोन रेघा सापडल्या. एक तळाच्या कडेला, जेमतेम तीन सेंमी लांब, बहुधा काढून टाकायच्या भागातच जाईल. दुसरी राखाडी शिरेच्या अगदी कडेने, एका बाजूला वरच्या अंगाला. तिच्यावर लक्ष ठेवायचं.

मग आवाज. दगड दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवला, कारण वाळूच्या पोत्यावर चांगला दगडही बद्द वाजतो. सुतकीने हलके टोले देत सगळीकडून वाजवून घेतला. नाद स्वच्छ आहे, फक्त त्या दुसऱ्या रेघेपाशी किंचित बसका. दगड मधून फुटणारा नाही, पण तेवढ्या भागात तो एकसंधही नाही.

खुणा फक्त कोळशाने करायच्या. मार्करची शाई आणि रंगीत मेणखडू दाण्यांत मुरतात आणि पॉलिशच्या वेळी पुन्हा डोकं वर काढतात. भिजलेली रंगीत पोतीही दगडाखाली नकोत, त्यांचा रंग उतरतो.

६ नोव्हेंबर

आज हत्यार नाही. दगड प्रत्येक बाजूवर उभा-आडवा करून पाहिला, खोलीतला दिवा बंद ठेवून एकाच दिव्याचा प्रकाश बाजूने सोडला. वरून पडणाऱ्या प्रकाशात सगळं सपाट दिसतं. बाजूने आलेला प्रकाश तुटलेल्या कोपऱ्यातली एक लांबट पन्हळ दाखवतो, ती वर जाताना डावीकडे वळते. हे वळण धरायचं ठरवलं. एवढंच ठरलंय. बाकी आकार काय होणार ते माहीत नाही आणि आत्ता माहीत असायची गरजही नाही.

दगड उभा ठेवणार, कारण तसं ठेवल्यावर थर तिरके पण लांबीच्या दिशेने जातात. बारीक होत जाणाऱ्या भागात थर लांबीला धरून असले पाहिजेत. आडवे आले तर तो भाग बिस्किटासारखा तुटतो.

आराखडा किंवा मातीचं नमुनाशिल्प समोर असतं तेव्हा मापं आपल्याला सांभाळतात. ती नसली की सांभाळायचं काम राखीव दगडाला करावं लागतं. म्हणून पूर्ण आकार सर्व बाजूंनी उभा राहीपर्यंत कुठेही अंदाजे पृष्ठभागाच्या वर निदान १५ मिमी दगड शिल्लक ठेवायचा. कुठलीही एक बाजू इतरांपेक्षा एका टप्प्याहून जास्त पुढे न्यायची नाही. आणि आरपार भोक, खोल आत कोरणं, पातळ धार यांतलं काहीही मनात आल्याच्या दिवशी करायचं नाही. अंतःप्रेरणेने काम करताना चुका होतात त्या बहुतेक घाईने होतात. प्रेरणा खरी असेल तर ती दोन दिवसांनीही तिथेच असते.

९ नोव्हेंबर

मोठा दगड उतरवायला सुरुवात. १२५ मिमी ग्राइंडर, डायमंड ब्लेड. ही तबकडी फार तर ३५ मिमी खोल जाते. २० मिमी अंतराने समांतर काप घेतले, मधल्या उभ्या पाकळ्या सपाट छिन्नीने आडवा टोला देऊन पाडल्या. काप अंदाजे पृष्ठभागाच्या १५ मिमी अलीकडेच थांबवले. ब्लेडची एखादी खाच जास्त खोल गेली तर ती शेवटपर्यंत रेघ होऊन राहते, आणि ती घालवायला आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग खाली न्यावा लागतो. मग आकार आपण नाही, ती खाच ठरवते.

तळाकडची छोटी भेग अपेक्षेप्रमाणे निघून गेली.

धूळ: संगमरवरात सिलिका कमी, ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात भरपूर. तरी बारीक धूळ कुठलीही असो, फुप्फुसात नकोच. पी-१०० फिल्टरचा मास्क, बंद चष्मा, कानाला संरक्षण. झाडू मारला नाही, ओल्या फडक्याने धूळ टिपली, कारण झाडल्याने ती पुन्हा तासभर हवेत तरंगते. साध्या ग्राइंडरवर पाणी सोडायचं नाही. पाण्यावर चालायला बनवलेलं यंत्र असेल तरच, आणि तेही वीजगळती झाल्यास सर्किट तोडणाऱ्या स्विचवरून.

१२ नोव्हेंबर

ग्राइंडर बाजूला ठेवला, टोकदार टाकी हातात घेतली. हातोडा ९०० ग्रॅमचा. वजन ४९ किलो.

टाकी पृष्ठभागाशी सुमारे ४५ अंशांत. याहून उभी धरली तर टोक आत रुतून दाणे चिरडतं, फार आडवी धरली तर वरून घसरतं. बरोबर कोन सापडला की आवाज बदलतो: ‘ठक्’ऐवजी ‘टिंग्’ येतो आणि पुढे अंगठ्याच्या नखाएवढी कपची उडते. १५ मिमी अंतराने समांतर सऱ्या, मग त्यांच्यामधल्या वरंब्यांवर दुसरा फेरा.

या टप्प्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सऱ्यांची दिशा. सऱ्या सरळ मारत गेलं की दगड पुन्हा चौकोनी व्हायला लागतो. त्या पन्हळीच्या वळणाला धरून मारल्या तर हात आपोआप वळतो आणि त्याच्यामागे आकार वळतो. आज दुपारपर्यंत डावीकडची बाजू अशी उतरत गेली की वरचा भाग खालच्यापेक्षा पुढे झुकलेला दिसायला लागला. असं काही योजलं नव्हतं. राहू दिलं, कारण त्या झुकण्यामुळे मागच्या बाजूला पहिल्यांदाच काहीतरी ताण आला.

१५ नोव्हेंबर

हत्यारांना धार. साध्या पोलादी टाक्या ग्राइंडिंग चाकावर, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवून. टोकाला निळा रंग चढला की पोलादाचं पाणी उतरलं समजायचं. तेवढा भाग मऊ झाला, तो घासून टाकण्याला पर्याय नाही. कार्बाइड टोकाच्या छिन्न्यांना हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं चाक किंवा डायमंडची तबकडी लागते, आणि त्या गरम असताना पाण्यात बुडवायच्या नाहीत, टोकाला तडे जातात.

बोथट टाकीला जास्त जोर लागतो, आणि जास्त जोर म्हणजे आत जास्त इजा. संगमरवरात ही इजा लगेच दिसत नाही.

१८ नोव्हेंबर

वरच्या डाव्या कडेचा ढलपा गेला. साडेचार सेंमी लांब, जाड बाजूला दीड सेंमी. राखाडी शिरेलगतच्या त्या रेघेवरच सुटला.

कारणं दोन. पहिलं, कडेकडून आत मारायचं सोडून आतून कडेकडे मारलं. कडेबाहेर दगडाला मागून आधार नसतो, आतून बाहेर जाणारा टोला ती कड उचकटून नेतो. दुसरं, बसका आवाज कुठे येतो ते पहिल्याच दिवशी कळलेलं असूनही तिथे ९०० ग्रॅमचाच हातोडा चालू ठेवला. तिथे ४०० ग्रॅमचा हातोडा आणि दातेरी छिन्नी हवी होती.

ढलप्याचा आतला चेहरा पाहिला: अर्ध्या भागात ताजे चकाकणारे दाणे, उरलेल्या भागात पिवळसर, निस्तेज पट्टा. म्हणजे अर्धी भेग जुनीच, टोल्याने फक्त उरलेला भाग सोडवला. नवीन तुटीत प्रत्येक स्फटिक साखरेच्या दाण्यासारखा चमकतो, जुनी भेग मळकट असते. दिव्याखाली ढलपा थोडा फिरवला की दोन्हींची सीमा अगदी स्पष्ट दिसते.

चिकटवायचा का? इपॉक्सीने बसेल, ताकदही येईल, पण पांढऱ्या दगडावर सांध्याची रेघ पॉलिशनंतर उठते आणि उजेडात इपॉक्सी पिवळी पडते. आकार आधीच ठरलेला असता तर चिकटवावाच लागला असता. इथे तसं बंधन नाही. ढलपा जपून ठेवला. पॉलिशची चाचणी त्याच्यावर घेता येईल.

२१ नोव्हेंबर

तीन दिवस फक्त पाहणं. ढलपा गेल्यावर पन्हळीचं वळण वर जाऊन एकदम तुटल्यासारखं वाटतंय. ते पुढे न्यायला हवं, पण कुठे?

जो भाग काढायचा विचार आहे त्यावर काळं कापड टाकून लांबून पाहायचं, ही पद्धत कोळशाच्या रेघेपेक्षा कितीतरी खरी. रेघ एकाच बाजूने दिसते, कापड चहूबाजूंनी दिसतं. चार वेगवेगळ्या तऱ्हांनी कापड गुंडाळलं. तिसऱ्या वेळी वरचा उजवा खांदा झाकला गेला आणि वळण डोक्यावरून पलीकडे उतरून मागच्या झुकलेल्या बाजूला मिळालं. दगड उलटा करून पाहिला तरी ते टिकलं. आरशात पाहिलं तरी टिकलं. उलटं आणि आरशातलं पाहिल्याने सवयीचा डोळा मोडतो. तोल खोटा असेल तर तिथे लगेच उघडा पडतो.

२३ नोव्हेंबर

उजवा खांदा उतरवला. ४१ किलो. हे काम पूर्ण टाकीने, सगळे टोले कडेकडून आत.

२७ नोव्हेंबर

दातेरी छिन्नी, आधी चार दातांची, मग सहा. हातोडा ६०० ग्रॅम. टाकीच्या सऱ्या या टप्प्यात नाहीशा होतात आणि पृष्ठभागावर समांतर बारीक रेघांची जाळी उरते. एका दिशेने एक फेरा, मग साधारण ६० अंशांनी वळवून दुसरा. एकाच दिशेने मारत राहिलं तर लाटा पडतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत पण तळहाताला कळतात.

दातेरी छिन्नीच्या या रेघा मायकेलएंजेलोच्या अपूर्ण बंदिवानांवर आजही स्पष्ट वाचता येतात; ती शिल्पं फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात आहेत. गोलाव्याभोवती रेघा कशा वळतात ते पाहिलं की हे हत्यार नुसतं सपाटीकरणाचं नाही हे समजतं. प्रत्येक रेघ त्या जागचा उतार सांगते. आजपासून टाकी बंद. पृष्ठभागापासून शेवटच्या ८ मिमीत टाकी उभी पडली तर दाणे आतपर्यंत चिरडतात, आणि ते पांढरे डाग पॉलिशमध्ये ताऱ्यांसारखे उठतात.

डोळे मिटून हात फिरवून झाला. मागच्या बाजूला एक फुगवटा हाताला खटकतो, डोळ्याला अजिबात नाही. हाताचं ऐकलं, ५ मिमी खाली नेला.

३६ किलो.

२ डिसेंबर

आरपार भोक हवं का, हा प्रश्न २९ तारखेपासून आहे. वरच्या एक-तृतीयांश भागात पुढची पन्हळ आणि मागची खोली इतक्या जवळ आल्या आहेत की मधला दगड भिंतीसारखा उभा वाटतो. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांनी १९३२ च्या सुमारास गुलाबी अलाबास्टरमध्ये आरपार भोक पाडलं, त्यानंतर भोक हा अमूर्त शिल्पाचा हक्काचा शब्द झाला. म्हणूनच सावध राहायला हवं. सवयीने पाडलेलं भोक लगेच ओळखू येतं: ते कुठूनही कुठेही जात नाही, नुसतं असतं.

इथे पुढचं वळण मागे जाऊ पाहतंय आणि मध्ये अडतंय. चार दिवस झाले, मत बदललं नाही. पाडायचं.

बाहेरच्या कॅलिपरने मोजलं: त्या जागी जाडी ७२ मिमी. भोक ६० मिमी रुंद केलं तर डावीकडे ३४ मिमी भिंत उरते, उजवीकडे ४१. या आकाराच्या संगमरवरात २५ मिमीच्या खाली जायला नको, कारण पुढे घासण्यातही दोन-तीन मिमी जातात.

३ डिसेंबर

ड्रिलिंग. हातोडी-गती बंद, फक्त फिरकी. हातोडी-गतीने बिट पलीकडे पोचताना मागून बशीएवढा ढलपा सुटतो. १० मिमी बिट, दोन्ही बाजूंनी निम्मं-निम्मं, मध्यभागी भेटणारं. दर १५ मिमीला बिट बाहेर काढून भुकटी झटकली, नाहीतर ती आत घट्ट बसते, बिट तापतो आणि अडकतो. आधी मध्यात एक भोक, मग भोवती १२ भोकांचं कडं, कोळशाच्या रेघेपासून ८ मिमी आत. दोन भोकांमधल्या भिंती अरुंद छिन्नीने तोडल्या, सगळे टोले मध्याकडे.

दगड पूर्ण वेळ वाळूच्या दोन पोत्यांमध्ये रुतवलेला. पातळ झालेल्या भागाखाली पोकळी राहिली तर बिटच्या दाबानेही तो जाऊ शकतो.

आरपार झाल्यावर आत टॉर्च धरला. डावी भिंत वरच्या अंगाला मधाच्या रंगाची उजळली. शिरेलगत एक आडवी काळी रेघ दिसली, दोन सेंमीची. जिथे भेग असते तिथे प्रकाश अडतो. म्हणजे ती जुनी रेघ इथवर आलेली आहे. तेव्हा भोकाची ती कड ठरवल्यापेक्षा जाड ठेवली आणि भोक गोल न राहता उजवीकडे ओढल्यासारखं लंबगोल झालं. आकाराला ते जास्त शोभतं.

९ डिसेंबर

रास्प (मोठ्या दातांची कानस) आणि कानशी. भोकाच्या आत वळणदार रास्प, बाहेर अर्धगोल. रास्प दोन्ही दिशांना रेटायची नाही, पुढे जातानाच दाब. मागे ओढताना दाबली तर दात झिजतात. भोकाच्या कडा कुठे धारदार ठेवायच्या आणि कुठे विरू द्यायच्या, यावर पूर्ण दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता. आतली बाजू आणि बाहेरची बाजू जिथे हलकेच मिसळतात तिथे प्रकाश सरकतो. जिथे धार आहे तिथे तो थांबतो. खालची कड विरघळवली, वरची धारदार ठेवली.

स्टीलवूल या कामात कुठेच नको. त्याचे कण दाण्यांत अडकतात आणि गंजून तांबडे ठिपके पडतात.

३२ किलो.

१३ ते २२ डिसेंबर

घासणं, पूर्ण ओलं. डायमंडचे हातपॅड ६०, १२०, २००, ४००, ८००, १५०० (आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक). निम्म्याहून जास्त वेळ ६० आणि १२० वरच गेला, आणि तो तिथेच घालवावा. २०० चा पॅड ६० ची ओरखड काढत नाही, फक्त तिच्याभोवती चमक आणतो, त्यामुळे ती अधिकच दिसते. प्रत्येक पॅडच्या आधी कोरड्या दगडावर पेन्सिलने विरळ जाळी काढली, ती पूर्ण गेली की फेरा संपला. खोलगट जागी पेन्सिल हटत नाही, तिथे काम बाकी आहे हे कळतं. पॅड बदलताना दगड, हात, बादलीतलं पाणी सगळं धुवायचं. ६० चा एक सुटा दाणा ८०० च्या पॅडखाली आला की अर्धा दिवस मागे.

आधी त्या ढलप्यावर तीन पट्टे घासून पाहिले: २००, ४००, १५००. ४०० ला राखाडी शिरा मऊ, धुक्यासारख्या दिसतात. १५०० ला त्या इतक्या गडद होतात की आकाराआधी शिराच दिसतात. पूर्ण चकाकी द्यायची नाही हे तिथेच ठरलं: सर्वत्र ४००, फक्त भोकाच्या आत १५००.

२४ डिसेंबर

डाव्या कुशीत सहा पांढरे तारे उठले. टाकीच्या काळातली इजा, बहुतेक १५ नोव्हेंबरच्या आधी बोथट टोकाने मारलेली. ओल्या दगडावर दिसत नाहीत, सुकल्यावर दिसतात. म्हणून प्रत्येक फेऱ्यानंतर दगड पूर्ण सुकवून पाहणं आवश्यक.

चार तारे दीड मिमीत गेले. उरलेले दोन खोल आहेत, त्यांच्यामागे गेलं तर कुशीचा गोलावा बसेल. ती जागा पुन्हा दातेरी छिन्नीने हलकी उठवली, हाताच्या पंज्याएवढी, कडा विरत नेऊन. तारे त्या पोतात मिसळून गेले. मग मागच्या झुकलेल्या बाजूचा खालचा भागही तसाच खरखरीत केला. एकच खडबडीत जागा ठिगळ वाटते, दोन असल्या की त्या एकमेकींना उत्तर देतात. तुटलेल्या कोपऱ्याची मूळ त्वचा सुरुवातीपासून राखलेली आहेच, आता तिला सोबत मिळाली.

२ जानेवारी

बैठक. गुरुत्वमध्य शोधायला शिल्प तळाखाली आडवी सळई ठेवून दोन दिशांनी तोललं. खुणा तळाच्या मध्यापासून २१ मिमी पुढे मिळाल्या, झुकण्याच्या बाजूला. शिल्प बैठकीला जोडणारी खुंटी तिथेच.

खुंटी १६ मिमी स्टेनलेस स्टीलची, आटे पाडलेली. साधं लोखंड चालणार नाही: गंजताना ते फुगतं आणि दगड आतून फोडतं. शिल्पात १०० मिमी खोल, २० मिमी रुंद भोक, पुन्हा हातोडी-गतीशिवाय. भोक पाण्याने धुऊन दोन दिवस सुकवायचं, ओल्या भुकटीवर इपॉक्सी धरत नाही.

५ जानेवारी

खुंटी बसवली. शिल्प उलटं, भोक वर. इपॉक्सी निम्म्यापर्यंत भरून खुंटी फिरवत आत, म्हणजे अडकलेली हवा आट्यांतून वर येते. तळावर सांडू नये म्हणून भोकाभोवती चिकटपट्टी. काटकोन गुण्याने दोन बाजूंनी तपासला, लाकडी चौकटीत धरून २४ तास हलवायचं नाही. बैठकीच्या बाजूला इपॉक्सी नाही, नट आणि वॉशर. पुढे कधी हलवायचं झालं तर सुटलं पाहिजे.

७ जानेवारी

बैठकीवर उभं केलं. ३०.५ किलो, उंची ३७ सेंमी. साध्या पाण्याने धुतलं, मऊ सुती कापडाने टिपलं. साफसफाईला आम्ल असलेलं काहीही नको: लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचे क्लीनर. संगमरवरातला कॅल्साइट विरघळतो आणि ४०० ची मऊ झिलई एका पुसण्यात चट्ट्याचट्ट्यांनी उडते. त्याच कारणाने शिल्प उघड्या पावसात ठेवायचं नाही.

दिवा डावीकडून, कमरेच्या उंचीवर ठेवला. प्रकाश पन्हळीतून वर चढतो, धारदार कडेपाशी थांबतो, आणि भोकातून गेलेला तुकडा मागच्या खरखरीत भागावर पडतो.